पुकाऱ्यात नाव नाही

२ फेब्रुवारी

वहिनीस नमस्कार.

फोन केला की तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. मग उचलतेस तरी कशाला? परवा तर मी बोललेही नव्हते, नुसती खोकले होते, तरी कट केलास. म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं तर लागेल.

सरळ मुद्द्यावर येते. ह्यांच्यावरचा अबोला उठवा. संप मोडला त्याला वर्ष उलटून गेलं. तू आता युनियनची सेक्रेटरी आहेस, दादा ज्या खुर्चीवर बसायचा तिच्यावर बसतेस. तू एक शब्द टाकलास की अख्खा कारखाना ह्यांच्याशी बोलायला लागेल. तो शब्द तू मुद्दाम टाकत नाहीस, हेही मला कळतं.

मी सुटले. नळावर बायकांनी तोंडं फिरवली तेव्हा मी इकडे निघून आले आणि शिवणाच्या दुकानात कामाला लागले. इथे सगळे बोलतात, नको तेवढं बोलतात. मालकीणबाई म्हणतात, युनियनवाले म्हणजे बसून पगार मागणारे. काजं करणारा म्हातारा म्हणतो, युनियन नसती तर आपल्याला सुट्टी म्हणजे काय ते कळलं नसतं. मी दोघांच्या मध्ये बसून बटणं लावते. पण वेल्डरला पोलाद असेल तिथेच राहावं लागतं. हे तिथेच एका खोलीत एकटे राहतात. सुट्टीला आले की बोलायला लागतात ते थांबतच नाहीत. काय बोलतात ते ऐकशील? बसमध्ये एक बाई म्हणाली, जरा सरका. दुकानदार म्हणाला, सुटे नाहीत का? आठवडाभरात जी माणसं बोलली ती सगळी मला सांगतात. त्यात कारखान्यातलं एकही माणूस नसतं.

त्यांनी संपात गेट ओलांडलं. नाकारत नाही. पण कशासाठी ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पोटातलं मूल गेलं होतं, माझं रक्त थांबत नव्हतं, आणि काउंटरवरची बाई ह्यांना सांगत होती, संपावरच्या लोकांची विम्याची कार्डं कंपनीने बंद केली आहेत. हे माझ्यासाठी आत गेले. शिक्षा करायची तर मला करा.

दादा माझाही भाऊ होता, वहिनी. हे तू विसरतेस.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्संबाई,

फोन उचलते, कारण तू अजून किती गोड बोलतेस ते ऐकायची हौस येते. ठेवते, कारण ठराव आहे. 'त्या माणसाशी व त्याच्या घरच्यांशी कोणीही सभासद बोलणार नाही.' लिहिणार नाही असं त्यात नाही. ठराव मीच लिहिला होता, त्यामुळे फट कुठे आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून हे उत्तर.

तुझा दादा तुझाही भाऊ होता, हे मी विसरलेले नाही. मग तूही एक लक्षात ठेव. तुझा नवरा आत गेला त्याच दिवशी तुझं कार्ड चालू झालं. दुसऱ्या दिवशी 'तो गेला तर आम्ही का नको' म्हणत वेल्डिंगची सगळी पाळी आत गेली. त्या आठवड्यातच संप मोडला. तुझ्या दादाचं डायलिसिस संपभर युनियनने पैसे भरून चालवलं होतं; मग त्याला कामावरून काढलं, म्हणून बाकीच्यांची कार्डं उघडली तरी त्याचं बंदच राहिलं, आणि माझ्या कार्डावर नवरा चालत नाही म्हणाले. डायलिसिसच्या खुर्चीवरून त्याला उठवलं तेव्हा मी शेजारी होते. नर्सला बिचारीला लाज वाटत होती, त्याच्याकडे न बघता ती सामान आवरत होती. तोच दवाखाना, वन्सं. तू वरच्या मजल्यावर सलाईन लावून झोपली होतीस. तू वाचलीस याचा मला आनंद झाला असं लिहायला हवं. लिहिणार नाही.

तू म्हणतेस तो एकटा पडलाय. मला दिसतंय की. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये बसते, शेडमधली सगळी डोकी मला दिसतात. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन बाकावर टेकला की बाक रिकामा होतो. सुरुवातीला तो हसून बघायचा, कोणी तरी विरघळेल म्हणून. आता भिंतीकडे तोंड करून जेवतो. मला ते बघून बरं वाटतं. घास गोड लागतो म्हण ना. लोक त्याला शिस्त म्हणतात, युनियनची इज्जत म्हणतात. मी सूडच म्हणते. माझ्या माणसाला खुर्चीवरून उठवलं तेव्हा कोणी गोड शब्द शोधत बसलं नव्हतं.

पुकारा तुला माहीत आहे, तुझा दादा घरी त्याची नक्कल करायचा. पत्र्यांची थप्पी उचलायच्या आधी हाकवाला मामा खालून एकेकाला टोपणनावाने पुकारतो. बोका! ओ. लांब्या! ओ. पेन्सिल! ओ. शेडमधल्या प्रत्येकाची ओ आली की मामा हात वर करतो आणि मी क्रेन हलवते. तुझा लांब्या आता त्यात नाही. बोक्यानंतर मामा नुसता दम घेतो आणि एकदम पेन्सिल म्हणतो. तेवढ्या जागेत तुझ्या नवऱ्याने काय ते समजून घ्यावं आणि बाजूला व्हावं. वर्षभर होतोच आहे.

अबोला उठणार नाही. माझ्या हयातीत तरी नाही.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

काल कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. मशीनवरचं कापड तसंच टाकून निघाले. इथे दवाखान्यात पोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली काढला. पत्र्यांची थप्पी अंगावर आली एवढंच सांगतात, जास्त कोणी बोलत नाही. हे अजून शुद्धीवर नाहीत.

मला एवढंच सांग. पुकारा झाला होता का? त्यात ह्यांचं नाव घेतलं होतं का?

तुझी नणंद


९ मार्च

वन्संस,

वाचलं. लिहायला बसले आणि कागद बदलावे लागले. वाईट झालं. कोणाचाही पाय जावा असं मी म्हटलेलं नाही, ठरावातही नाही.

पुकारा रोज होतो तसाच झाला होता. मी त्या वेळी शेडमध्ये होते, पण उंचावरून थप्पीखालचं दिसत नाही.

आता नीट ऐक. कंपनीचा माणूस कागद घेऊन येईल. 'नुसती पोच आहे, बाई' म्हणेल. सही करू नकोस. पेन हातात दिलं तरी धरू नकोस. नवऱ्यालाही करू देऊ नकोस. डॉक्टरकडून सगळं लेखी माग. हे मी सेक्रेटरी म्हणून सांगते आहे, वहिनी म्हणून नव्हे.

व.


२१ मार्च

वहिनी,

'रोज होतो तसाच झाला होता.' वा! हे वाक्य जमवायला किती कागद बदललेस? खोटंही नाही आणि खरंही नाही.

हे शुद्धीवर आले. सगळं सांगितलं. वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला की त्यांना ठिणगीशिवाय काही दिसत नाही. दिसणारे दुसरे बाजूला होतील, वेल्डरला कान हाच आधार. तुम्ही नाव घेत नाही म्हटल्यावर ह्यांनी स्वतःच एक सोय करून घेतली होती. बोक्याची ओ ऐकली की आता आपली पाळी असं समजायचं, हातातलं टाकायचं आणि भिंतीला जाऊन उभं राहायचं. वर्षभर माझा नवरा दुसऱ्याच्या नावावर जीव वाचवत होता. त्या दिवशी बोका दाढ काढायला गेला होता. बोक्याचं नाव आलं नाही. हे वाट बघत वाकून टाका मारत राहिले.

आणि क्रेनवर तू होतीस. ते तू लिहिलं नाहीस. 'शेडमध्ये होते' म्हणे! शेडमध्ये उंदीरही होते.

कंपनी काय म्हणते ते आता ऐक. पुकारा झाला, सगळ्यांनी ओ दिली, ह्या कामगाराने लक्ष दिलं नाही, चूक त्याची. म्हणजे भरपाई नाही, काम नाही आणि कामावर नाही म्हणून कार्डही नाही. जखम अजून ओली आहे, दुसरं ऑपरेशन व्हायचं आहे. डॉक्टर म्हणाले, कार्ड बंद झालं तर इथून हलवावं लागेल. हे वाक्य मी एकदा ऐकलेलं आहे. तूही ऐकलेलं आहेस.

पुढच्या महिन्यात कोर्टात सुनावणी आहे. शेडमधली माणसं साक्षीला उभी राहतील. ती म्हणाली, नाव घेतलं नव्हतं, तर आम्ही वाचलो. ती म्हणाली, पुकारा नीट झाला होता, तर आम्ही संपलो. आणि ती काय म्हणतील ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरणार.

आणखी एक. मंत्र्यांचा माणूस फळांची करंडी घेऊन आला होता. कामगार खात्याचे मंत्री. युनियनची दादागिरी मोडायला ते नवा कायदा आणताहेत आणि त्यासाठी सभा आहे. मी स्टेजवर उभं राहायचं, युनियनने माझ्या नवऱ्याचा पाय कसा घेतला ते सांगायचं. कायमचं पेन्शन देतो म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटलं. फळं मी वॉर्डात वाटून टाकली.

तुझी माणसं कोर्टात खोटं बोलणार असतील तर मी स्टेजवर चढणार. तू सूड घ्यायला शिकवलंस. मी काही ढ विद्यार्थिनी नाही.

नणंद


२७ मार्च

वन्संबाई,

धमकी पोचली. अक्षर छान आलंय.

चढ स्टेजवर. मंत्र्याच्या शेजारी शोभशील. पण त्याचा कायदा काय आहे ते आधी समजून घे. युनियनला ऑफिसात पाऊल ठेवता येणार नाही, वर्गणी पगारातून कापली जाणार नाही आणि संप केला की पहिल्याच दिवसापासून विम्याची कार्डं बंद. मागच्या वेळी कंपनीला त्यासाठी खात्याची खास परवानगी काढावी लागली होती. आता मागायचीही गरज नाही. म्हणजे ज्या हत्याराने तुझा दादा गेला, ते प्रत्येक मालकाच्या टेबलावर ठेवायला तू मदत करणार. बापाने तुला चांगलं शिकवलं असं माझं मत होतं.

आता आमचं ऐक. काल सभा झाली. खोली गच्च भरली होती, लोक खिडकीत बसले होते. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. 'नाव घेतलं नव्हतं' असं एकाने जरी कोर्टात सांगितलं तर उद्याच्या पेपरात 'युनियनने माणूस मरायला टाकला' असं येईल आणि मंत्र्याचा कायदा त्याच संध्याकाळी पास होईल. हाकवाला मामा रडला. त्याला म्हातारपणी तुरुंगाची भीती वाटते. पेन्सिल म्हणाला, लांब्याने संप विकला तेव्हा त्याने आमचा विचार केला होता का? त्यावर टाळ्या पडल्या.

ठराव झाला. पुकारा नीट झाला होता, असंच सगळ्यांनी सांगायचं. हात वर झाले. माझाही.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. क्रेनवर मी होते हे खरं आहे. त्याबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

चढले स्टेजवर.

मैदान भरलेलं होतं. मंत्री मोठ्या खुर्चीत बसून रुमालाने मान पुसत होते. माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला आणि पदर नीट घ्या असं एकीने कानात सांगितलं. कागदावर 'युनियनच्या पुढाऱ्यांनी' असं होतं. मी ते तसं वाचलं नाही. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या वहिनीने. म्हटलं, क्रेनवर तीच होती, माझ्या नवऱ्याची ओ आलेली नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने थप्पी उचलली. तुझं पूर्ण नाव घेतलं, लग्नाआधीचंसुद्धा. लोकांनी 'शरम करा, शरम करा' असा ओरडा केला. तुला सांगते, कानाला इतकं गोड काही वर्षात लागलं नव्हतं. तुझ्या घासासारखं.

मग मी कागदाची घडी घातली. तिथवर सगळे खूश होते. मी मंत्र्यांकडे वळले आणि म्हटलं, साहेब, आता एक प्रश्न. संपात कार्डं बंद करायची परवानगी तुमच्या खात्याने दिली होती. त्यामुळे माझा नवरा लाचार होऊन आत गेला आणि त्यामुळेच माझा भाऊ खुर्चीवरून उठवला जाऊन मेला. एकाच घरातली दोन माणसं तुमच्या एका सहीने एकमेकांवर घातली. ती सही कायमची करायला तुम्ही मला इथे उभं केलंत का?

एवढं पुरं बोलले की नाही, आठवत नाही. माइक बंद झाला आणि लाउडस्पीकरवर गाणं लागलं. मला दंडाला धरून खाली उतरवलं. पेन्शनचं नाव त्यानंतर कोणी काढलेलं नाही. आणलेल्या गाडीने परतही सोडलं नाही. चालत दवाखान्यात आले.

पेपर बघितलास? पहिला भाग सगळा छापलाय, तुझ्या नावासकट. दुसरा भाग एका ओळीतही नाही. तेव्हा माझा निम्मा सूड पोचला आणि निम्मा हवेत गेला. जो पोचला तो तुझ्यावरचा. त्याबद्दल माफी मागणार नाही.

परवा सुनावणी आहे. या आणि खोटं बोला. मी पहिल्या बाकावर बसून तुमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघणार आहे.

नणंद


१४ एप्रिल

वन्संस,

तू पहिल्या बाकावर होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला सांगायला नको. का झालं, ते सांगते. बाहेर पडताना तू माझ्याकडे जसं बघितलंस, तसं बघू नकोस. मी दया केलेली नाही.

आमची ठरावाची सभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुला पत्र टाकल्यावर, शेडचा सुपरवायझर युनियनच्या खोलीत आला. इतक्या वर्षांत त्याने तो उंबरा ओलांडला नव्हता. तुझ्या दादाच्या खुर्चीवर बसला. मी उभीच होते. म्हणाला, 'ठराव झाला असं कळलं. उत्तम. आम्हीही तेच सांगणार आहोत. बघा बाई, शेवटी आपण एकाच बाजूचे निघालो.' आणि हसला. खिशातून सुपारी काढून मला देऊ केली.

तो गेल्यावर मी खुर्ची फडक्याने पुसली आणि मग ती लाथेने आडवी पाडली. वर्षभर मी ज्याला माझा सूड म्हणत होते, तो हा माणूस रोज शेडमध्ये उभा राहून बघायचा. बोक्यानंतर मामा दम घ्यायचा तेव्हा ह्याच्या तोंडावर काय असायचं, ते मला वरून दिसायचं आणि मी त्याचा अर्थच लावला नव्हता. आम्ही एकमेकांना खातोय हे त्याला हवंच होतं. तुझ्या नवऱ्याचा पाय गेला, कंपनीची भरपाई वाचली, आणि खोटं बोलून तिला वाचवणार कोण, तर ज्या बाईचा नवरा तिने मारला ती. माझा सूड मी कंपनीच्या खिशात घालणार नाही. तो माझा आहे.

म्हणून उभी राहिले. कंपनीच्या वकिलाने विचारलं, पुकारा झाला होता का? झाला होता म्हटलं, तेव्हा तो कसा फुलला होता बघितलंस ना? मग म्हटलं, एक नाव सोडून. वर्षभर सोडून. सुपरवायझरसमोर, त्याच्या देखत, रोज. आणि क्रेन मी हलवली. शेडमधल्या एका माणसाची ओ आलेली नाही, हे मला त्या दिवशी माहीत होतं आणि त्याआधीही रोज माहीत होतं.

निकाल तू ऐकलासच. भरपाई, जन्मभर कार्ड, बसून करायचं काम. सुपरवायझरची नोकरी गेली. मामाला नुसती समज मिळाली, माझ्या पगारातून दंड कापायचा ठरला. तिकडे मंत्र्याचा कायदाही पास झाला, माझीच साक्ष वाचून दाखवून. सभेत लोक घाबरले होते ते खोटं नव्हतं.

काल युनियनची सभा होती. ठरावाविरुद्ध गेले म्हणून मला खुर्चीवरून काढलं. तेही ठीक. मग माझ्यावर अबोला धरला. भाषा माझीच वापरली, फक्त 'त्या माणसाशी'च्या जागी 'त्या बाईशी'. फट बुजवायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे. दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

तुझ्या नवऱ्याला मी माफ केलेलं नाही. तुलाही नाही.

वहिनी


३० जुलै

वहिनी,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. राग होता, म्हणून. अजून आहे. दादाची सही ज्या ठरावांवर असायची, त्याच कागदावर तुम्ही ह्यांना मेलेलं धरलंत, हे जात नाही मनातून. कोर्टात तू खरं बोललीस, ते आमच्यावर उपकार म्हणून नव्हे, हे तू स्वतःच लिहिलंस, ते बरं केलंस. नाहीतर मला 'थँक्यू' म्हणावं लागलं असतं आणि ते घशात अडकलं असतं.

नवा पाय बसवला. चालताना शिव्या देतात, पण चालतात. सोमवारपासून कामावर. कोर्टाचा हुकूम आहे की शेडमध्ये असेल त्या प्रत्येकाचं नाव पुकाऱ्यात घ्यायचं, क्रेनवरच्याचंही, आणि पुकारणारा युनियनचा नको. नव्या सुपरवायझरला त्यात युनियनची जिरवायची संधी दिसली. मामाच्या जागी, स्टुलावर बसून, आता हे पुकारणार.

तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. अचानक समोर आले तर क्रेन भिंतीवर नेशील.

नणंद


९ ऑगस्ट

वन्संस,

बरं झालं कळवलंस.

सोमवारी सगळे आधीच येऊन उभे होते. तो काठी टेकत आला, स्टुलावर बसला आणि कागद न बघता सुरू झाला. मला वाटलं, बोक्यापासून सुरुवात करेल. मला शेडमध्ये घार म्हणतात. निदान म्हणायचे, बोलत होते तोपर्यंत. त्याने मान वर केली आणि केबिनकडे बघून मोठ्यांदा हाक मारली, 'वहिनी!'

आवाज पत्र्यांवर घुमला. खाली सगळ्यांची तोंडं वर झाली. युनियनचा एकही माणूस माझ्याशी बोलत नाही, एप्रिलपासून नाही. मीही कोणाशी बोलत नाही, माझाही मान आहे. आणि ह्याच्याशी तर बोलायचंच नाही, कारण त्याच्यावरचा ठराव अजून उठलेला नाही आणि तो मी लिहिलेला आहे. मी गप्प बसले. त्याने घाई केली नाही. स्टुलावर नीट सरकून बसला, काठी मांडीवर घेतली आणि पुन्हा पुकारलं, 'वहिनी!' तेच नाव, तोच सूर, लग्नानंतर पहिल्यांदा तुला न्यायला आला होता आणि दारातून हाक मारली होती तसा.

ओ आल्याशिवाय थप्पी उचलायची नाही. नियमच आहे.

मी ओ दिली.

तेव्हापासून प्रत्येक थप्पीला पहिलं नाव माझं घेतो, आणि पाळीत किती थप्प्या उचलाव्या लागतात ते तुला माहीत आहे. घरी आल्यावर हिशेब केला तर दिवसभरात मला हाक मारणारं एकच माणूस असतं आणि तो तुझा नवरा असतो. याची मला इतकी चीड येते की जेवण जात नाही. परवा तो डॉक्टरकडे गेला होता, दुसऱ्याच कोणी तरी 'क्रेन!' म्हणून पुकारलं, तर त्याचीही चीड आली.

हा त्याचा सूड आहे की आणखी काही, हे मला त्याला विचारता येत नाही. तू विचार आणि लिहून कळव. सूड असेल तर त्याला सांग, बरोबर लागला.

वहिनी